दिवाकरची विजेची गाडी

मे महिन्यात वऱ्हाडात जाऊ नकोस, असं मला पुण्यात ज्याने त्याने सांगितलं. सांगणाऱ्यांपैकी एकही जण वऱ्हाडात गेलेला नव्हता, त्यामुळे मी जायचं पक्कं केलं.

कारण गाडीचं होतं. माझी पेट्रोलची गाडी म्हातारी झाली होती आणि नवी घ्यायची ती पेट्रोलची की विजेची, यावरून आमच्या घरात दोन पक्ष पडले होते. बायको विजेच्या बाजूने, मुलगा पेट्रोलच्या बाजूने, आणि मी नेहमीसारखा जो समोर असेल त्याच्या विरुद्ध. दिवाकर हा माझा कॉलेजातला मित्र. एका खोलीत राहून आम्ही दोघांनी एकमेकांचं डोकं खाल्लेलं. आता तो अमरावतीला वकिली करतो. त्याने विजेची गाडी घेतल्यापासून त्याचा फोन आला की कान गरम व्हायचा. शेवटी म्हणाला, "तू इकडं ये. मे महिन्यातच ये. आमच्या उन्हात चालली तं जगात कुठंही चालते. सोता बसून पाहा, मंग ठरव."

परत आल्यावर या प्रवासाबद्दल एक ओळही लिहायची नाही, असं ठरवलं होतं. परवा पातूरहून दिवाकरच्या ताईंचा फोन आला. त्यांनी लिहायला सांगितलं, म्हणून लिहितो आहे. माणसांची नावं तेवढी बदलली आहेत.

अमरावती

बडनेरा स्टेशनाबाहेर दिवाकर गाडी घेऊन उभा होता. पांढरी, छोटी, टापटीप. आत बसलो, तो काहीतरी बोलत राहिला आणि गाडी कधी सुरू झाली ते मला कळलंच नाही. वाटेत एक कुत्रं रस्त्यात पसरलं होतं. ते उठेना. आवाजच नाही तर उठेल कशाला? दिवाकर हॉर्न वाजवून खाली उतरला आणि कुत्र्याशी बोलून त्याने रस्ता मोकळा करून घेतला.

अमरावतीत पहिल्या दिवशी दोन गोष्टी झाल्या. मी गिला वडा खाल्ला, आणि दिवाकरने निदान पाच माणसांशी वाद घातला. वड्यावर दही आणि चिंचेची चटणी अशी घातलेली असते की वडा शोधावा लागतो, पण सापडला की समाधान होतं. वादांचं तसं नव्हतं. तो पेट्रोल पंपावर फक्त चाकात हवा भरायला गेला आणि पंपाच्या मॅनेजरला "तुमचा धंदा किती दिवस राहिला?" असं विचारून बसला. मॅनेजर शांत माणूस. म्हणाला, "वकीलसाहेब, तुमची वीज काय आभाळातून पडते? कोळसा जाळूनच येते ना? आमचा धूर नळीतून निघते, तुमचा चिमणीतून." दिवाकरने त्यावर असं लांबलचक उत्तर दिलं की मागे रांग लागली आणि लोक हॉर्न वाजवू लागले. तरी त्याने शेवटचं वाक्य पूर्ण केलंच. वाद अर्धा सोडणं त्याला जमत नाही. कॉलेजात मेसच्या भाजीत मीठ कमी की जास्त, यावर तो आचाऱ्याशी आठवडाभर भांडला होता आणि जिंकला होता.

दुपारी गाव झाकल्यासारखं झालं. अकरानंतर रस्त्यावर माणूस नाही, दुकानांच्या शटरवर ओली गोणपाटं, आणि खिडकी-खिडकीतून कूलरची घरघर. वऱ्हाडाचा हा कूलर म्हणजे नुसतं यंत्र नव्हे, त्याच्यात मानपान आहे. आमच्याकडे पाहुणा आला की पंख्याखाली जी खुर्ची मोकळी असेल तिच्यावर बसतो. इथे कूलरचं तोंडच पाहुण्याकडे फिरतं. घरात एकच कूलर असेल तर घरचे स्वयंपाकघरात घाम पुसत बसतात आणि पाहुण्याला दर दहा मिनिटांनी विचारतात, "हवा येऊन रायली न?" मला हे फार आवडलं. आवडलं होतं, असं म्हणायला हवं.

त्या रात्री अमरावतीत लाईन गेली. वीज गेली असं तिकडे कोणी म्हणत नाही. गाडी पाऊणच भरली. "काही बिघडत नाही," दिवाकर म्हणाला, "अकोल्याले मशीन हाये. तिथं भरू, अन् नाही झालं तं ताईच्या घरी लावू."

मूर्तिजापूर, अकोला

पहाटेच निघालो. दोन्ही बाजूंना नांगरून उघडी टाकलेली काळी वावरं, भेगाळलेली, आणि मध्येच एखादं निंबाचं झाड. मूर्तिजापूरला चहा प्यायला थांबलो, तर एका ट्रकवाल्याने गाडीभोवती फेरी मारून विचारलं, "सायेब, हे रस्त्यात बंद पडली तं धकलून नेता येते का?" दिवाकर म्हणाला, "बंद काहून पडन?" ट्रकवाला म्हणाला, "बंद तं माणूसही पडते." सगळे हसले. मीसुद्धा हसलो.

अकोल्यात एका हॉटेलच्या आवारातलं मशीन कालपासून मेलं होतं. पडदा काळा, आणि त्याच्या सावलीत चौकीदार जेवत बसलेला. दिवाकरने दोन ठिकाणी फोन केले, त्यांना चार शब्द सुनावले आणि गाडी पातूरच्या रस्त्याला घातली. पातूरला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं आणि गाडीच्या पडद्यावरचा बॅटरीचा आकडा लाल झाला होता.

पातूर

ताई म्हणजे दिवाकरची मोठी बहीण. तिचे यजमान, ज्यांना दिवाकरच्या मागोमाग मीही भाऊजी म्हणू लागलो, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. घर गावाच्या कडेला, आणि थोड्या अंतरावर वावरात मोगरा. भाऊजींची सहा फूट उंची, पांढरा दुपट्टा, आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायची सवय. पहिल्या पाच मिनिटांत त्यांनी मला ओंजळभर मोगरा दिला आणि पुण्यात तो काय भावाने मिळतो हे न विचारता, त्याचा वास पुण्यापर्यंत टिकेल का, हे विचारलं. मला माणूस फार आवडला.

गाडी निंबाखाली उभी केली. समोरच्या खोलीतल्या बोर्डातून लांब वायर काढून खिडकीबाहेर सोडली आणि गाडीला जोडली. भाऊजी म्हणाले, "पाजा, पाजा. दमून आली बिचारी." त्याच बोर्डावर कूलर होता. गाडी लागली तसा तो मंदावला, इतका की त्याची पाती दिसू लागली.

तेवढ्यात भाऊजींचे चुलतभाऊ वामनराव आले. डिझेलच्या पिकअपमधून ते फुलं अकोल्याला पोचवतात. त्यांनी वायर पाहिली, गाडी पाहिली आणि खाट ओढून बसले. मग निंबाखाली जो वाद पेटला त्याला तोड नव्हती. दिवाकर धुरावर बोलला, खर्चावर बोलला, येणाऱ्या पिढ्यांवर बोलला. वामनरावांचं एकच म्हणणं, "माही गाडी डबकीतून डिझेल टाकलं का चालते. तुही गाडी लाईनमनच्या मर्जीनं चालते."

भाऊजी हसत ऐकत होते. शेवटी दिवाकरने त्यांनाच पंच केलं. "दिवाकर, धुराचं तुहं बरोबर हाये," ते म्हणाले. "पण मोगऱ्याले पाणी द्याचं तं लाईन कवा येते हे मी पाहत बसतो. उद्या दवाखान्यात जाचं असलं तरी लाईन कवा येते हेच पाहत बसू का?"

"भाऊजी, तुमाले दवाखान्यात न्याची पाळी आली तं मी याच गाडीत नेऊन दाखवतो," दिवाकर म्हणाला. ताई आतून ओरडली, "काही बी बोलता का रे जेवायच्या टायमाले!" वामनराव हसत उठले आणि लग्नाच्या मांडवाची फुलं घेऊन निघून गेले.

जेवण असं होतं की आजही आठवलं तर त्रास होतो. आमरस, पोळ्या, कुरडया, आणि पाटोडीचा झणझणीत रस्सा. रस्सा खाताना डोळ्यांतून पाणी आलं की ताई वाटीत रस वाढायची. पुण्यात आम्ही वाढताना विचारतो, इथे वाढून झाल्यावर विचारतात. दिवाकर तट्ट फुगून आतल्या खोलीत आडवा झाला. मला समोरच्या खोलीत, कूलरसमोर खाट टाकून दिली.

भाऊजी मात्र दुपट्टा डोक्याला गुंडाळून निघाले. वावरातली लाईन दुपारची होती. मी म्हटलं, "या उन्हात?" त्यांनी टोपलीतला कांदा उचलून खिशात टाकला. ऊन लागू नये म्हणून तिकडे खिशात कांदा ठेवतात. "मोटर लावून येतो," ते म्हणाले. "तुमी पडा. संध्याकाळी तुमाले लेण्या दाखवतो. आमच्या पातूरच्या लेण्या पाहाले कोणी येत नाही, पण पाहण्यासारख्या हायेत."

मी पडलो. कूलर असून नसल्यासारखा होता. पाठ घामाने चादरीला चिकटली, कूस बदलली, पुन्हा चिकटली. मग अर्धवट झोपेत बोर्डाजवळ बटनाचा खट्‍ असा आवाज ऐकला आणि कूलरने एकदम वेग घेतला. गार, ओला, खसाच्या वासाचा वारा अंगावर आला. लाईन सुधारली वाटतं, असं मनात म्हणून मी गाढ झोपलो.

जाग आली ती आरडाओरड्याने. शेजारच्या वावरातल्या दोन माणसांनी भाऊजींना मोटारसायकलवर मध्ये धरून आणलं होतं. मोटरच्या पेटीजवळ पडलेले सापडले. अंग तापलेल्या तव्यासारखं, आणि घामाचा थेंब नाही. "मोटर बंद करा, मोटर बंद करा," एवढंच बरळत होते. गावातले डॉक्टर धावत आले, सलाईन लावलं, काखेत बर्फ ठेवला आणि म्हणाले, "इथं थांबू नका. अकोल्याले न्या." रुग्णवाहिका दुसरा पेशंट घेऊन गेलेली होती. वामनराव मांडवाच्या गावी.

"गाडी हाये ना!" दिवाकर म्हणाला. त्या घाईतही त्याच्या आवाजात अभिमान होता, हे मी ऐकलं. आज त्याची कीव येते.

भाऊजींना मागच्या सीटवर निजवलं, डोकं ताईच्या मांडीवर. सलाईनची बाटली वरच्या कडीला बांधली. दिवाकरने वायर उपटली, स्टीअरिंगमागे बसला आणि बटन दाबलं. पडद्यावरचा आकडा लालच होता. सकाळी होता त्याहून जेमतेम चढलेला. त्याने आकड्याकडे पाहिलं, खिडकीतून येणाऱ्या वायरकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मागे ताईला काही दिसत नव्हतं. दुसरी गाडी येईपर्यंत थांबायचं की आहे त्यात निघायचं, एवढाच विचार त्याला करायचा होता. तो निघाला.

त्या रस्त्याबद्दल काय लिहू? बाहेर ऊन नुसतं पांढरं होतं. गार हवा लावली की आकडा भराभर उतरायचा. बंद केली की गाडीची भट्टी व्हायची. दिवाकरचा हात त्या बटनाकडे जायचा आणि परत यायचा. मी काच खाली केली तर आत झळा आल्या, तोंड भाजावं अशा. ताई ओल्या पंच्याने भाऊजींचं कपाळ पुसत होती. पंचा बघता बघता वाळत होता. "दिवाकर, हवा लाव न रे," ती म्हणाली, "थे भाजून रायले." दिवाकरने लावली. आकडा उतरला. त्याने बंद केली. "लाव न रे बाप्पा!" त्याने पुन्हा लावली आणि मग बंद केली नाही.

कापशीच्या अलीकडे गाडी मंदावली, रांगू लागली आणि एका बाभळीखाली थांबली. आवाज न करता, जशी नेहमी थांबते तशी.

दिवाकर रस्त्याच्या मधोमध उभा राहिला, दोन्ही हात पसरून. दोन गाड्या वळसा घालून गेल्या. मग टरबुजांनी भरलेला एक टेम्पो थांबला. टेम्पोवाल्याने काही विचारलं नाही. मधली टरबुजं भराभर रस्त्याकडेला उतरवली, जागा केली, वर ताडपत्री ओढली. मी बाटली हातात धरून बसलो. मागे पाहिलं तर पांढरी गाडी बाभळीखाली आणि तिच्या शेजारी टरबुजांचा ढीग.

पुन्हा अकोला

दिवस मावळायच्या आत भाऊजी गेले. "थोडं आधी आणलं असतं तर..." डॉक्टर म्हणाले आणि ताईकडे पाहून थांबले. एका सिस्टरने घड्याळ, चष्मा आणि कांदा कागदात बांधून दिला. ताईने पुडी उघडून पाहिली आणि कांदा परत नीट गुंडाळून ठेवला.

मी भिंतीला टेकून उभा होतो. बटनाचा तो खट्‍ आवाज तेव्हा मला आठवला. अंगाला अजून खसाचा वास येत होता.

पातूर, तिसऱ्या दिवशी

निंबाखाली सतरंज्या टाकलेल्या. लोक येत, बसत, उठत. त्याच खाटेवर वामनराव. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, भाऊ गेला होता त्यांचा. पण दुःख झालेल्या माणसाला कोणावर तरी ते ठेवायचं असतं. "मी म्हणत नव्हतो?" ते म्हणाले. "डिझेलची गाडी असती तं माहा भाऊ वाचला असता. दिवाकर, तुह्या गाडीनं घात केला."

सगळे दिवाकरकडे पाहू लागले. मीही पाहत होतो. मला माहीत होतं आणि त्यालाही माहीत होतं. गाडी सकाळपासून दुपारपर्यंत वायरला लागून राहिली असती तर अकोल्याला सहज पोचली असती. हे सांगायला त्याला एक वाक्य पुरलं असतं.

तेवढ्यात दारातून ताईचा आवाज आला. ती चौकटीला धरून उभी होती. "दिवाकर," ती म्हणाली, "थे गाडीचं बटन म्या बंद केलं होतं दुपारी. त्याच्यानं झालं का रे?"

"नाही गं," दिवाकर लगेच म्हणाला. "त्याचा काही संबंध नाही. पुरन येवढी भरली होती. गाडीच खराब निघाली. बॅटरीत दोष होता तिच्या." त्याने डोळे चोळले आणि वामनरावांकडे वळला. "तुमचं बरोबर होतं, वामनभाऊ. माहंच चुकलं. या गाड्या आपल्या कामाच्या नाहीत."

पंपावर रांग थांबवून शेवटचं वाक्य पूर्ण करणारा माणूस. मी मान खाली घातली, कारण माझ्याने बघवेना.

पुणे

गाडी त्याने महिन्याभरात विकली आणि डिझेलची घेतली. एवढ्यावर थांबला नाही. ताईच्या कानावर दुसरं काही जाऊ नये म्हणून असेल, पण आता तो अमरावतीत भेटेल त्याला सांगतो की विजेच्या गाड्या भंगार असतात. पहिल्यासारख्याच जोराने, मुद्द्यांवर मुद्दे मांडत. त्याच मॅनेजरच्या पंपावर डिझेल भरतो म्हणे. मला फोन केला की गाडीचा विषय काढत नाही. मी अजून कोणतीच गाडी घेतलेली नाही. घरचे दोन्ही पक्ष गप्प आहेत.

परवा ताईंचा फोन आला. मोगरा यंदा चांगला आला म्हणाल्या. मग म्हणाल्या, "भाऊ, त्या दिवशी तुमी घामानं पार भिजून गेलते. पुण्याचा पाहुणा, म्हणलं घडीभर झोपू द्यावं. घडीभरानं गाडी परत लावते म्हणलं, अन् मंग भांडे घासता घासता इसरली."

मी म्हटलं, "ताई, दिवाकर तर म्हणाला..."

"दिवाकरले मी लहानपणापासून पाहते. खोटं बोलताना थो डोळे चोळते. मले तवाच समजलं."

"मग बोलला का नाहीत?"

"माह्यासाठी त्यानं येवढा मोठा वाद टाकून देल्ला. त्याले वाटते मले पटलं. म्हणलं, वाटू द्या." पलीकडे कूलरची घरघर ऐकू येत होती. "पण आता थो साऱ्या जगाले सांगत फिरते का गाडी खराब होती. माह्या एका बटनापायी त्यानं जलमभर खोटं बोलावं, हे मले सोसत नाही. तुमी लिहिता ना? माह्या भावाची गाडी चांगली होती, येवढं लिहजा. थो वाचल्याशिवाय राहनार नाही."

लिहिलं, ताई. दिवाकरची गाडी चांगली होती. आणि तुमचा कूलर फार गार होता.